तिसऱ्या दिवशीचा डाग

प्रिय धाकटी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच बाजूला ठेवशील, अशी धाकधूक मनात आहे. तसं केलंस तरी तुला बोल लावायला मला तोंड नाही. माझा फोन तू उचलत नाहीस, आणि खरं सांगायचं तर इतके दिवस ते माझ्या पथ्यावरच पडलं. उचलला असतास, 'बोला ताई' म्हणाली असतीस, की मी हवापाण्याचं विचारून मोकळी झाले असते. म्हणून लिहायला बसले. भाऊला सांगितलंय की हे तुझ्या हातात द्यायचं आणि तू वाचून होईपर्यंत तिथून हलायचं नाही. आत काय आहे ते त्याला ठाऊक आहे. काल सगळं त्याच्यापुढे ओकले. मला वाटलं तो ओरडेल, निदान उठून जाईल. तो उठला, पण मोरीपर्यंतच. आपला कप धुतला, पालथा घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, 'हे मला नको सांगूस, तिला सांग.' नवरा तुझा असला तरी भाऊ माझा आहे. लहानपणी त्याला माझ्या हातचे कितीतरी धपाटे मिळाले. काल पहिल्यांदा त्याच्या पाठीकडे बघताना मला त्याची भीती वाटली.

मी अजून त्याच वॉर्डात आहे. तिसरा मजला, हाडांचा वॉर्ड, तीस खाटा. खिडक्यांना नवे पडदे आले, लिफ्ट मात्र तशीच बंद. आई गेल्यावर तीन महिन्यांत मी इन्चार्ज झाले, हे तुला कळलं असेलच. दर गुरुवारी दुपारी खालच्या हॉलमध्ये शिकवते. नव्या नर्सेस, आया, घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची सेवा करणाऱ्या बायका, सगळ्या येतात. विषय तोच, बेडसोअर. पडून राहिलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला. टाचा गादीला टेकू देऊ नका, पोटरीखाली उशी द्या. चादर ओढत नेऊ नका, माणूस उचला. लाल झालेल्या जागी चोळू नका. अंग ओलं राहू देऊ नका, पोटात अंडं-दूध जाऊ द्या. आणि रोज, न चुकता, पाठ बघा. मी हे फार छान सांगते, असं सगळे म्हणतात. बायका वहीत उतरवून घेतात. मला टाळ्याही मिळतात.

आता आईचं सांगते. तुला वाटेल, त्यातलं मला काय माहीत नाही? चौदा महिने तिचं मीच तर केलं, असं म्हणशील. पण त्याआधीचे आठ दिवस तुला माहीत नाहीत.

आई मोरीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तिला माझ्याच वॉर्डात आणली. खाट नंबर अकरा, खिडकीजवळची, मी मुद्दाम मागून घेतलेली. तू तेव्हा रोज दुपारी यायचीस, शिवणाची पिशवी खांद्याला, बोटांना खडूची पूड. मी तुला दहा मिनिटांत परत पाठवायचे. 'इथं मी आहे ना, तू कशाला थांबतेस?' असं म्हणायचे. चारचौघींत मला ते म्हणायला आवडायचं. इथं मी आहे ना.

आणि झालं असं, की बाकीच्या नर्सेसनी आईच्या खाटेकडे बघणं सोडलं. त्यांचंही काय चुकलं? सिस्टरची आई, सिस्टर स्वतः बघतात, आपण मध्ये कशाला लुडबुड करायची. आणि मला वाटायचं, वॉर्डातल्या पोरी करताहेतच, मी बाकीच्या एकोणतीस जणांकडे बघते. त्या आठवड्यात दोघीजणी रजेवर होत्या. पण ते कारण मी तुला देणार नाही, कारण जेव्हा मला वेळ होता तेव्हाही मी आईला वळवलं नाही. वळवायला गेलं की ती कळवळायची. माझा हात धरून म्हणायची, 'राहू दे गं बाई, जरा बरं वाटतंय, पडू दे अशीच.' दुसरं कुणी असतं तर मी ऐकलं नसतं. गोड बोलून, दटावून, हसवून वळवलं असतं, तेच तर माझं काम. पण ती माझी आई होती आणि मला तिचं कण्हणं ऐकवत नव्हतं. मी तिला पडू दिलं. पांघरूण नीट केलं, कपाळावरून हात फिरवला. त्याला मी माया समजले.

तिच्या खाटेला कूस बदलण्याचा तक्ता लावलेला होता. आठ, दहा, बारा, दोन, चार. प्रत्येक वेळेपुढे डावी, पाठ किंवा उजवी लिहायचं आणि सही करायची. मी ड्यूटी संपताना पेन काढून दिवसभराच्या सगळ्या सह्या एकदम करायचे. डावी, पाठ, उजवी, डावी, पाठ. वळणदार अक्षरात. ती मात्र सकाळपासून पाठीवरच असायची.

घरी सोडायच्या दिवशी सकाळी तिचे कपडे बदलायला मी एकटीच पडद्याच्या आत होते. तिला माझ्याकडे वळवून धरली आणि माकडहाडावर बशीएवढी लाली दिसली. अंगठ्याने दाबून बघितलं. बरी कातडी दाबली की पांढरी पडते आणि सोडल्यावर परत लाल होते. ही पांढरी पडली नाही. हाताला गरम लागली, आतून जरा पिलपिलीत. बाहेर दारापाशी एक फळा होता, त्यावर खडूने लिहिलेलं असायचं की या वॉर्डात इतके दिवस एकाही पेशंटला बेडसोअर झालेला नाही. त्या सकाळी एकशे त्रेचाळीस लिहिलं होतं. आकडा रोज मीच बदलायचे. पुढची इन्चार्ज म्हणून माझं नाव घेतलं जात होतं. मी आईला नवा गाऊन घातला, नाडी बांधली, पडदा सरकवला आणि घरी सोडण्याच्या कागदावर लिहिलं, 'त्वचा निरोगी.' खाली तू सही केलीस. तुला मी वाचूसुद्धा दिलं नाही, 'कर गं इथं' म्हणून बोट दाखवलं. हे मी तुला तेव्हाच सांगितलं असतं, नुसतं एवढंच म्हणाले असते की पाठीवर झोपवू नकोस, तिथं लाल आहे, तर कदाचित पुढचं टळलं असतं. सांगितलं तर 'वॉर्डात झालं' हे कबूल करावं लागलं असतं. म्हणून मी गप्प बसले आणि गाडीत बसताना आईला पाठीमागे तक्क्याला टेकवून दिली.

तिसऱ्या दिवशी मी घरी आले. तुला तो दिवस माझ्याहून चांगला आठवत असेल. समोरच्या खोलीत आत्या आली होती, भाऊ होता, शेजारच्या काकू होत्या. तू मला आत बोलावलंस आणि हळूच म्हणालीस, 'ताई, पाठीवर काहीतरी निळं दिसतंय, मला समजत नाही, जरा बघता?' तू घाबरली होतीस, पण लपवलं नव्हतंस. मी बघितलं. जांभळा, वांग्याच्या सालीसारखा डाग, कडेने फुगलेला. बघताक्षणी कळलं. तुझ्या घरातला नव्हता तो, माझ्या वॉर्डातला होता. असा डाग वरून सुरू होत नाही. आत, हाडाजवळ आधी मांस मरतं, आणि ते कातडीवर दिसायला दोन-तीन दिवस लागतात. हे मला पाठ आहे. आणि तरीही मी बाहेर येऊन सगळ्यांपुढे तुला म्हणाले, 'तीन दिवस काय करत होतीस तू? मशीन चालवत बसलीस की काय? धडधाकट कातडीची आई तुझ्या ताब्यात दिली होती मी.'

तुझ्या हातात ओला टॉवेल होता, त्याचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. आत्या 'अगंबाई' म्हणाली. भाऊने तुझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचं मी काय करू, सांग? मी नंतर कितीही चांगली वागले तरी ते पुसलं गेलं नाही. तू त्याच्याकडे बघून मान खाली घातलीस, जणू तुलाही ते पटलं होतं.

मग जखम उघडली. मूठ मावेल एवढी. मी दर रविवारी येऊन हुकूम सोडायचे, आणि रोजचं तू करायचीस. सलाईनने धुणं, गॉज हलक्या हाताने आत भरणं, कडा कोरड्या ठेवणं. पहिल्या दिवशी तुला ओकारी आली आणि तू मोरीत जाऊन, चूळ भरून, परत येऊन बसलीस. दुकानातलं कटिंगचं काम सोडून शिलाई घरी आणलीस. स्वयंपाकघरातलं घड्याळ दर दोन तासांनी वाजायचं आणि तू मशीनवरून उठायचीस. शाळेच्या दुरेघी वहीत लिहायचीस, वेळ, कूस, किती खाल्लं, जखम केवढी. आई तुला मास्तरीणबाई म्हणायला लागली. 'उन्हात घातलेल्या गादीसारखी उलटसुलट करते मला,' असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला तक्रारीच्या सुरात सांगायची, आणि सांगताना तिचा चेहरा खुललेला असायचा. कापडाचे तुकडे भरून तू त्या उतरत्या उशा शिवल्यास, पाठीमागे सरकवल्या की माणूस बरोबर अर्ध्या कुशीवर राहतं. तशा उशा आमच्याकडे नव्हत्या. मी एक नेली. पुढे वॉर्डाने वीस करून घेतल्या. कुणी शिवली म्हणून विचारलं तेव्हा मी म्हणाले, 'आहे एक ओळखीची.'

तुझी ती वही मी एकदा, तू बाजारात गेली असताना, पहिल्या पानापासून वाचली. त्यात एकही खोटी ओळ नव्हती. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'चारला डोळा लागला, सव्वापाचला वळवलं. चुकले.' मी वही मिटून जागेवर ठेवली आणि तू आल्यावर ड्रेसिंगची पट्टी नीट चिकटवली नाहीस म्हणून तुला बोलले.

आईला ठाऊक होतं. हे तुला कुणीच सांगितलेलं नाही. एका रविवारी तू मागे कपडे वाळत घालत होतीस, तेव्हा ती मला म्हणाली, 'त्या पोरीला बोलू नकोस. दवाखान्यातच माझी पाठ जळत होती, तुला सांगितलं होतं मी.' सांगितलं होतं तिने, सहाव्या दिवशी. मी काय म्हणाले असेन? म्हणाले, 'आई, गुंगीच्या औषधांनी तुला काहीबाही आठवतं.' आई होती, लगेच ओळखलं तिने. मग म्हणाली, 'असेल बाई.' पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मरेपर्यंत तिने माझी लाज राखली, आणि तुझ्याशी खोटं वागल्याचं ओझं घेऊन गेली. मी माझ्या आईला तिच्या शेवटच्या वर्षात तिच्याच अंगाबद्दल खोटी ठरवली.

ती न्यूमोनियाने गेली, जखमेने नाही. गेली तेव्हा ती जखम नखाएवढी उरली होती. मी बघितली ना, शेवटचं पुसताना. माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत एवढी खोल जखम घरच्या घरी भरत आणलेली मी दुसरी बघितलेली नाही. हे त्याच दिवशी सगळ्यांना ओरडून सांगायला हवं होतं. त्याऐवजी, लोक जमलेले असताना आत्या तुझ्या देखत म्हणाली, 'पहिले तीन दिवस लक्ष दिलं असतं तर बिचारीचे एवढे हाल झाले नसते,' आणि मी चहाच्या कपातली साय बाजूला सारत बसले. त्यानंतर तू माझ्याशी बोलणं सोडलंस. लोकांना मी सांगत फिरले की तू मनाला फार लावून घेतेस.

याहून वाईट आता काय असणार, असं तुला वाटेल. आहे. त्या गुरुवारच्या शिकवण्यात मी एक गोष्ट सांगते. सांगत होते. एका घरची सून, शिवणकाम करणारी, सासूला दवाखान्यातून चांगल्या अवस्थेत घरी आणली आणि तीन दिवस वळवलंच नाही, तिसऱ्या दिवशी जांभळा डाग. बायका चुकचुकतात, त्यांच्या अंगावर काटा येतो, धडा पक्का बसतो. दोन वर्षं मी तुला असं हॉलभर फिरवलं. तुझं नाव घेतलं नाही, एवढीच सभ्यता.

साडेतीन आठवड्यांपूर्वी शेवटून दुसऱ्या रांगेत एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, घरोघरी सेवेला जाणाऱ्या, चष्म्याला दोरी. गोष्ट संपली आणि त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, 'बाई, तुम्ही मघाशी सांगितलंत की जांभळा डाग वर यायला दोन-तीन दिवस लागतात. मग तो डाग पडायला सुरुवात झाली तेव्हा त्या आजी होत्या कुठं?' त्यांच्या मनात काही नव्हतं गं. समजून घ्यायचं होतं, वहीत काय लिहायचं ते ठरत नव्हतं. चाळीस माना माझ्याकडे वळल्या. मी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, 'वेळ संपली.' अजून वीस मिनिटं होती. मी जिन्यात जाऊन बसले. खाली उतरणाऱ्या बायका मला वळसा घालून जात होत्या.

आठ दिवस तसेच काढले, मग मेट्रनकडे गेले. दार लावून सगळं सांगितलं. सह्या, लाली, कागदावरचे ते दोन शब्द, गोष्ट. त्या बराच वेळ पेनचं टोपण घालत-काढत राहिल्या. म्हणाल्या, 'इतकी जुनी गोष्ट, कशाला उकरून काढता?' मी म्हटलं, लेखी घ्या. लेखी दिलं. चौकशी चालू आहे, गुरुवारचं शिकवणं दुसरीकडे दिलंय, इन्चार्जपद राहील असं वाटत नाही. याचा मला त्रास होतो, होत नाही असं सांगून मोठेपणा घेणार नाही. काल आत्यालाही फोन केला. ती म्हणाली, 'झालं गेलं, आता कशाला?' मी तिला म्हटलं, तू तिला जे बोललीस ते माझ्या गप्प बसण्यामुळे बोललीस, तेव्हा ते परत घे. पण बघ, सगळ्यांना सांगून झालं आणि तू मात्र शेवटी. मेट्रनपुढे ती एक चूक असते, कागदावर मावते. तुझ्यापुढे तिचं काय होतं, ते मला पेलवत नव्हतं.

अजूनही मी टाळलंच असतं. आज का लिहिलं ते ऐक. काल भाऊ आला तेव्हा त्याच्या बोलण्यातून पहिल्यांदा कळलं की दोन महिन्यांपूर्वी तुझ्या आईला झटका आला, उजवी बाजू गेली, आणि तू त्यांना पुलापलीकडच्या वृद्धसेवा केंद्रात ठेवलंस. मी, सवयच ना, म्हणून गेले की एवढी सेवा येते तिला, घरी का नाही आणलं? तो म्हणाला, तू सांगितलंस, 'माझ्या हाताखाली एक माणूस सडलं, आता आईला त्या वाटेला लावायची नाही.' म्हणाला, तू जातेस, फळं ठेवतेस, दारातूनच बोलतेस आणि परत येतेस. त्यांना हात लावत नाहीस. तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, आणि आज सकाळी त्याला घेऊन तिथं गेले. जागा स्वच्छ आहे, बायका मायाळू आहेत, पण चौदा जणांमागे एक. मी विचारून पांघरूण काढलं. तुझ्या आईच्या उजव्या टाचेला लाली धरली आहे, गेलेल्या बाजूचा पाय, त्यांना दुखत नाही म्हणून त्या सांगत नाहीत. कातडी फाटलेली नाही, आतूनही घट्ट आहे, वेळेवर सापडलं आहे. पोटरीखाली उशी देऊन आले, तिथल्या बाईंना दाखवून आले. पण ते रोज बघायला कुणीतरी हवं, कंटाळा न करणारं, चुकलं तर चुकलं म्हणून लिहिणारं. असं एकच माणूस मला माहीत आहे. त्यांना घरी आण की तिथंच ठेव, ते तुझं तू ठरव. पण दारात थांबू नकोस, आत जा आणि त्यांचा पाय हातात घे. आज संध्याकाळीच जा. मला क्षमा करायची की नाही ते सावकाश बघ, आयुष्यभर बघ. त्याला घाई नाही, टाचेला आहे.

तुझीच,
ताई